टायर झिजले, तर वॉरंटी कुणाकडे मागायची?

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि चाकं
(उत्तरं देणाऱ्या लेखिकेचं कोपरखैरणेत टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे.)

प्रश्न : ताई, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो, ऑफिस अंधेरीला. रोज गायमुख घाटातून जा-ये. आमची हॅचबॅक अजून तीन वर्षांचीही झालेली नाही, 34 हजार किलोमीटर झालेत. परवाच्या सर्व्हिसिंगला सांगितलं, चारही टायर बदला. गाडीची वॉरंटी अजून शिल्लक आहे, ती दाखवली तर म्हणाले टायर त्यात येत नाहीत. टायरच्या डीलरकडे गेलो, तो म्हणाला झिजेला वॉरंटी नसतेच. माझा मेहुणा न्यू जर्सीला असतो, त्याला त्याच्या टायरवर 60 हजार मैलांची वॉरंटी आहे. मग आपल्यालाच का नाही? गाडीसोबत कंपनीतून येणारे टायर मुद्दाम हलके देतात का? मी गेज आणून स्वतः मोजलंय : पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडेला नक्षी 2 मिलिमीटरच्या आत आली आहे, बाहेरच्या कडेला 4 आहे. मागच्या टायरना सगळीकडे साडेचार ते पाच.
एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : तुम्ही गेज आणून मोजलंत हे फार बरं केलंत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच आकड्यांत आहे.

आधी वॉरंटीचं बोलू. डीलरने तुम्हाला खरं तेच सांगितलं. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत टायर आणि अनेकदा बॅटरीसुद्धा वगळलेली असते, कारण ते भाग दुसऱ्या कंपनीचे असतात आणि त्यांची वॉरंटी ती ती कंपनी देते. टायर कंपनीची वॉरंटी असते ती बनावटीतल्या दोषावर. म्हणजे नक्षीचा पट्टा आतल्या थरापासून सुटला, आतले थर एकमेकांपासून वेगळे झाले, रिमला धरून बसणारी कड सदोष निघाली, किंवा टायर मुळातच गोल नाही म्हणून बॅलन्सिंग करूनही गाडी थरथरते. झीज यात बसत नाही. एका कडेने झालेली झीज तर अजिबात बसत नाही, कारण ती गाडीच्या भूमितीमुळे, हवेमुळे किंवा चालवण्यामुळे होते आणि ते टायर बनवणाऱ्याच्या हातात नसतं. पंक्चर, कट, हवा नसताना चालवलेला टायर, खड्ड्याचा मार, हेही बाहेर.

आता मेहुण्यांचे 60 हजार मैल. अमेरिकेत ही वॉरंटी खरोखर मिळते, पण बहुतेक ती दुकानातून नंतर विकत घेतलेल्या टायरवर असते. नव्या गाडीसोबत आलेल्या टायरवर तिथेही सहसा मैलांची वॉरंटी नसते. शिवाय 60 हजारांऐवजी 45 हजार मैलांत टायर संपला म्हणून नवा फुकट मिळत नाही. न चाललेल्या मैलांच्या प्रमाणात पुढच्या टायरवर सूट मिळते. तीसुद्धा टायर वेळच्या वेळी पुढचे मागे, मागचे पुढे फिरवल्याच्या पावत्या दाखवल्या आणि झीज सगळीकडे सारखी असली तरच. तुमचे पुढचे टायर घेऊन तुम्ही न्यू जर्सीत गेला असतात तरी तुम्हाला काही मिळालं नसतं.

तिकडच्या टायरवर ट्रेडवेअर नावाचा एक आकडा छापलेला असतो, आपल्याकडे मिळणाऱ्या काही टायरवरही दिसतो. टेक्सासमध्ये सार्वजनिक रस्त्यांवरच्या ठरलेल्या मार्गावर 7,200 मैल चालवून संदर्भ टायरशी तुलना करतात. संदर्भ टायर 100 धरला, तर 400 वाला त्या चाचणीत चौपट टिकेल असा अर्थ. या आकड्यावरून किलोमीटर काढता येत नाहीत. आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवून छापते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलनाही फार ताणू नये.

हलके टायर देतात का? हलके म्हणणार नाही, वेगळे असतात म्हणेन. गाडी बनवणारी कंपनी टायरवाल्यांना आपली यादी देते : टायर फिरताना होणारा विरोध कमी हवा म्हणजे मायलेजचा आकडा चांगला येईल, आवाज कमी हवा, बसायला मऊ वाटली पाहिजे, वजन कमी हवं. या सगळ्यात टिकाऊपणा पहिल्या नंबरला नसतो. म्हणून बाजारात त्याच कंपनीचा, त्याच मापाचा टायर घेतला तर तो कधी कधी गाडीतल्यापेक्षा जास्त चालतो. आमच्या दुकानात हॅचबॅकचे कंपनीतून आलेले टायर साधारण 35 ते 50 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदलायला येतात. 34 हजार म्हणजे तुम्ही खालच्या टोकाला आहात, पण वेगळं काही घडलंय असं नाही. फक्त तुमच्या बाबतीत दोष टायरचा नाही, हे मला छातीठोकपणे सांगता येतं.

ते कसं? नव्या टायरची नक्षी साधारण साडेसात मिलिमीटर खोल धरा. बाहेरच्या कडेला तुमचे 4 उरलेत, म्हणजे 34 हजारांत साडेतीन मिलिमीटर गेले. एका मिलिमीटरला साडेनऊ हजारांच्या वर पडले. कायद्याने कारला किमान 1.6 मिलिमीटर नक्षी लागते, म्हणजे या कडेत अजून 20 हजार किलोमीटर सहज आहेत. आतल्या कडेने जास्तीचा भार घेतला म्हणून बाहेरची वाचली, हे धरलं तरी चाक सरळ घासलं असतं तर हाच टायर 50 हजारांच्या आसपास गेला असता. तेवढे किलोमीटर तुमची गाडी खाऊन बसली.

दोन्ही पुढच्या चाकांची आतली कड गेली, याचं नेहमीचं कारण म्हणजे टो बिघडलेला असतो : वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर वळलेली असतात. चाक पुढे धावतं आणि त्याच वेळी आडवं थोडं फरपटतही जातं. डोळ्याला ते दिसत नाही, हाताला मात्र कळतं. गाडी थंड असताना पुढच्या टायरवर पंजा ठेवून नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. टो बिघडलेला असेल तर एका दिशेने हात अलगद सरकतो आणि उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना करवतीच्या दात्यासारखी लागते. आमच्याकडे गाडी आली की मशीन लावायच्या आधी मी हेच करते. मशीनने नंतर जे सांगितलं ते बहुतेक वेळा हाताने आधीच सांगितलेलं असतं. टो ठीक निघाला तर मग कॅम्बर बघायचा, म्हणजे चाक वरच्या बाजूने आत कललंय का ते.

पावसाळ्यात गायमुख घाटात आणि घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर काय अवस्था असते ते तुम्हाला मी सांगायला नको. एक चांगला खड्डा टाय रॉडला, म्हणजे स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याला, पुरतो. म्हणून नुसतं अलाइनमेंट करून सोडू नका. टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, म्हणजे चाक जागेवर धरून ठेवणारे सांधे, तपासायला सांगा. इथे तुमची गाडीची वॉरंटी कामाला येऊ शकते! टायर तिच्यात नाहीत, पण यातला एखादा भाग मुदतीत दोषामुळे ढिला झाला असेल तर तो बदलून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. अलाइनमेंटच्या मशीनवर आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मिळतात. तो कागद प्रत्येक वेळी मागा आणि गाडीत ठेवा. भाग ढिला असेल तर अलाइनमेंट करूनही महिन्याभरात आकडे पुन्हा हललेले दिसतात, आणि सर्व्हिस सेंटरशी बोलताना हातात तो पुरावा असतो.

चारही टायर बदला हा सल्ला मला पटत नाही. मागच्या दोघांत साडेचार-पाच मिलिमीटर आहेत, ते फेकायचं काही कारण नाही. दोनच नवे घ्या. पण ते मागे बसवा, आणि आत्ताचे मागचे पुढे आणा. हे ऐकून बहुतेक गिऱ्हाइकं माझ्याकडे संशयाने बघतात, कारण ओढणारी चाकं पुढची, मग नवे पुढेच हवेत असं वाटतं. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, तुम्हाला स्टीअरिंगवर कळतं, तुम्ही पाय काढता. मागची घसरली तर गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं साध्या ड्रायव्हरचं काम नाही. आपल्याकडे चार महिने रस्ते ओले असतात, म्हणून मी या बाबतीत गिऱ्हाइकाशी वाद घालायलाही तयार असते.

अलाइनमेंट आधी आणि नवे टायर नंतर, हा क्रम उलटा करू नका. आणि पुढे दर आठ-दहा हजारांना टायर पुढचे मागे, मागचे पुढे करत जा. तुमच्या आकड्यांवरून आजवर ते एकदाही झालेलं दिसत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराचं कोटेशन कुणी पुढे केलं तर विचारा.

प्रश्न : सानपाड्याहून लिहितोय. गाडी घेऊन चार महिने झालेत. डाव्या बाजूच्या पुढच्या टायरला बाहेरून लिंबाएवढा फुगा आला आहे. शोरूमवाले म्हणतात टायर कंपनीकडे जा. टायरच्या दुकानात गेलो तर मालकाने खाली वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, फुग्याला क्लेम मिळत नाही. एवढ्या नव्या गाडीला? हे असंच सोडून द्यायचं का?
एक वाचक, सानपाडा, नवी मुंबई

उत्तर : सोडून देऊ नका. पण आधी ते चाक आजच काढा आणि स्टेपनी लावा. सायन-पनवेल महामार्गावर फुगा आलेल्या टायरने एक दिवसही जाऊ नका.

फुगा म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतले दोरे तुटलेत. आतली हवा तिथून रबर बाहेर ढकलते आहे आणि तिला अडवायला आता फक्त रबर उरलंय. असं बहुतेक वेळा खड्ड्याच्या धारदार कडेमुळे होतं. टायर खड्डा आणि रिम यांच्यामध्ये चिमटला जातो. हवा कमी असेल तर आणखी सहज. म्हणून दुकानदार लोक सरसकट नाही म्हणतात, आणि दहात नऊ वेळा ते बरोबरही असतात. पण न बघता नाही म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. मी स्वतः टायर विकते म्हणून हे जास्त जोर देऊन सांगते आहे.

टायर रिमवरून उतरवल्याशिवाय निर्णय होऊच शकत नाही. मार बसला असेल तर आतल्या अस्तरावर फुग्याच्या जागी एक चिमटल्याची रेघ दिसते, कधी रिमच्या कडेलाही पोचा असतो. बोटाने चाचपलं तरी ती रेघ लागते. आतून अस्तर स्वच्छ असेल, रिम शाबूत असेल, तर थर नीट चिकटलेच नव्हते अशी शक्यता उरते, आणि तो कंपनीचा दोष. तुम्ही समोर उभे राहा, टायर उतरवायला सांगा, आतून-बाहेरून फोटो काढा.

दुकानदार हा क्लेम मंजूर करणारा नव्हे, पुढे पाठवणारा. निर्णय कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर घेतो. तेव्हा क्लेमचा फॉर्म भरून मागा. सोबत गाडीचं बिल, टायरचं वॉरंटी कार्ड मिळालं असेल तर ते, आणि टायरच्या भिंतीवरचा क्रमांक. टायर तपासणीला ठेवून घेतला तर त्याची पोच घ्या, पोच नसताना टायर सोडून येऊ नका. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा टायर दुसऱ्यांदा नीट बघितला जातो, हे मी काउंटरच्या या बाजूने अनेकदा पाहिलंय.

मंजूर झाला तरी पूर्ण टायर फुकट मिळेल असं धरू नका. झिजलेल्या नक्षीचे पैसे कापतात. कंपनीगणिक हिशेब थोडा बदलतो, पण साधारण असा : नवीन असताना वापरण्याजोगी नक्षी, म्हणजे 1.6 च्या वरची, समजा सहा मिलिमीटर होती आणि त्यातली पाच उरली. मग टायरच्या किमतीच्या सहातले पाच भाग तुम्हाला मिळतात, एक भाग तुम्ही भरता. तुमची गाडी चार महिन्यांचीच आहे, त्यामुळे क्लेम बसलाच तर बराचसा पैसा वाचेल. हाच दोष 40 हजार किलोमीटरनंतर निघाला असता तर हातात फारसं काही आलं नसतं. म्हणून टायरमध्ये काही संशयास्पद वाटलं तर ते पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नये.

शोरूमवाल्यांनी हात झटकले तेही मला आवडलेलं नाही. टायर त्यांच्या गाडीसोबत आलाय. बऱ्याच शोरूममध्ये असा क्लेम टायर कंपनीकडे पाठवायची सोय असते, आणि त्यांच्या मार्फत गेलेला क्लेम लवकर हलतो. त्यांना ईमेलवर विचारा, तोंडी नको.

आतून मार स्पष्ट दिसला तर विमा बघा. नेहमीच्या पॉलिसीत एकटा टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच धक्क्यात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत भरपाई असते. मात्र टायरसाठी वेगळं ॲड-ऑन मिळतं आणि नवी गाडी घेताना अनेकांच्या पॉलिसीत ते आधीच घातलेलं असतं, माहीतही नसतं. पॉलिसीची सगळी पानं वाचा. या ॲड-ऑनमध्ये फुगा आणि कट सहसा बसतात. झीज तिथेही नाही.

आणि टायर आतून स्वच्छ असूनही सगळ्यांनी नाही म्हटलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. पुढे जायचं झालं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. नवी मुंबईतला तुमचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. एका टायरसाठी कुणी आयोगात जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच लेखी कागद आधी गोळा करायचे. बहुतेक प्रकरणं त्या कागदांवरच मिटतात.

प्रश्न : आमची गाडी 2018 ची. हे निवृत्त झाल्यापासून फारशी बाहेर निघत नाही, आतापर्यंत जेमतेम 14 हजार किलोमीटर झालेत. टायर कंपनीचेच आहेत, नक्षी अगदी नव्यासारखी. बाजूला बारीक बारीक भेगा दिसतात तेवढ्याच. पुढच्या महिन्यात समृद्धी महामार्गाने शिर्डीला जायचा बेत आहे, सोबत लेक, जावई आणि नातवंडं. मुलगा म्हणतो टायर बदला. हे म्हणतात, नव्यासारखे टायर कशाला टाकायचे? वॉरंटीत काही मिळेल का?
एक वाचक, खारघर

उत्तर : काकू, तुमच्या मुलाचं ऐका. जायच्या आधी टायर बदला.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं, त्यातली लवचीक राहायला मदत करणारी तेलं कमी होतात, आणि मग भिंतीवर त्या बारीक भेगा उमटतात. उलट रोज धावणाऱ्या गाडीचं रबर वळत-ताणत राहतं म्हणून बरं राहतं. उभ्या गाडीचं तसं नसतं. खारघरसारख्या उघड्या पार्किंगमध्ये तर ऊन येणाऱ्या बाजूचे दोन टायर दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त तडकलेले असतात. खाली उतरून दोन्ही बाजू बघा, फरक दिसेल.

टायरचा जन्म कधीचा ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. 2218 असेल तर 2018 च्या बाविसाव्या आठवड्यात, म्हणजे मे महिन्याच्या शेवटी बनलेला टायर. हे आकडे फक्त एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघावं लागतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत आणि नक्षी कितीही असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरूच नयेत, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. तुमचे दहाच्या आत आहेत, पण भेगा पडल्यात. तिथे मी दहाची वाट बघणार नाही.

शिवाय रस्ता कोणता ते बघा. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा, कारना 120 ची मर्यादा. भिवंडी तालुक्यात आमणेला चढलात की थांबायला फार कमी जागा. सलग वेगात टायर तापतो, गाडीत माणसं आणि सामान भरलेलं, आणि रबर जुनं. हवा थोडी जरी कमी असली तर भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि आणखी तापते. टायर फुटण्याचा धोका इथूनच सुरू होतो. या महामार्गावर सुरुवातीच्या काळात टायर फुटून अपघात झाले, तेव्हा परिवहन विभागाने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्यांना प्रवेश नाकारला होता. तुमच्या नक्षीला कुणी अडवणार नाही, म्हणूनच तुम्ही स्वतः थांबलं पाहिजे.

वॉरंटीतून काही मिळणार नाही. टायरची वॉरंटी काही वर्षांची मुदत किंवा नक्षी 1.6 पर्यंत येणं, यातलं जे आधी घडेल तिथे संपते. तुमची मुदत केव्हाच उलटून गेली असणार.

काकांना सांगा, नवे घेताना हेच चार आकडे बघून घ्या. पाच-सहा महिन्यांचा टायर ठीक आहे, दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला परत पाठवा. माप आणि त्यापुढचा आकडा-अक्षर जुन्या टायरसारखंच घ्या. 185/65 आर 15 88 एच असं काही असेल, त्यातला 88 म्हणजे एका टायरने 560 किलो वजन पेलायचं आणि एच म्हणजे 210 च्या वेगापर्यंतची क्षमता. दर कमी म्हणून यापेक्षा खालचा कुणी देऊ केला तर घेऊ नका. आणि स्टेपनी विसरू नका. तीही 2018 चीच आहे, नक्षी पूर्ण असली तरी वय तेच. निदान शिर्डीच्या फेरीपुरता तरी नव्यांतला एक पाचवा घ्या.

प्रश्न : नायट्रोजन भरला की टायर जास्त चालतात हे खरं का? ऐरोलीच्या पंपावर एका टायरमागे पैसे घेतात. आमची सीएनजीची गाडी आहे.
एक वाचक, ऐरोली

उत्तर : साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजनने हवा थोडी सावकाश कमी होते, इतकाच रोजच्या गाडीला फायदा. पंधरा दिवसांतून एकदा साधी हवा तपासलीत तर टायरच्या झिजेच्या दृष्टीने काही फरक पडणार नाही. हवा कमी राहिली तर दोन्ही कडा झिजतात, जास्त झाली तर मधला पट्टा. सकाळी, गाडी थंड असताना भरा, आणि दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा घ्या. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो.

सीएनजीची टाकी मागे असते, तिचं वजन मागच्या चाकांवर कायम असतं. कंपनीतूनच सीएनजी बसवून आली असेल तर स्टिकरवरचा मागचा दाब त्या हिशेबाने दिलेला असतो, तोच ठेवा. बाहेरून किट बसवलं असेल तर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा जो दाब दिलाय तो घ्या. सीएनजीच्या रांगेत अर्धा तास काढल्यावर पुन्हा हवेच्या मशीनजवळ थांबायचा कंटाळा येतो, मला कळतं. घरीच एक गेज ठेवा आणि निघायच्या आधी बघा.